एका खुर्चीचं घर

६ नोव्हेंबर

मावशी,

तब्येत विचारत नाही, कारण विचारली की तू चिडतेस. फोनही करत नाही. फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनाने भरून घेतेस. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं.

वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्यात आणि दुकानात नुसती धांदल आहे. तू निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी शो-विंडोला आम्ही अजून तुझ्यासारखं 'काच'च म्हणतो आणि ती सजवायला 'काच लावणं'. नवीन मॅनेजरला वाटतं आम्ही तावदानं बसवतो. मोठी काच यंदा त्याने स्वतःच्या ताब्यात घेतली आहे. पांढरा सोफा, त्यावर पांढऱ्या उशा, खाली पांढरा गालिचा. उशी कुठे संपते आणि सोफा कुठे सुरू होतो, हे गिऱ्हाइकाने हात लावून शोधायचं.

मला एक छोटी काच मिळाली आहे, मागच्या गल्लीच्या बाजूची. तिथे अख्खं घर एका खोलीत उभं करायचंय आणि त्यात राहणारी बाई एकटी. पलंग आणि कपाट ठेवलं की जागा संपते. सामान जुनंच वापरायचं, नवीन काही मिळणार नाही. डाव्या भिंतीवर ओलीचा भला मोठा डाग आहे, तो काही केल्या जात नाही. उजेड कमी. खुर्ची एकच. या जागेला घरपण कसं आणायचं, ते तू सांग.

आणि भेटवस्तूंचंही सुचव. दुकानाच्या पत्रकात यंदाही तीनच रकाने आहेत: त्याच्यासाठी, तिच्यासाठी, दोघांसाठी. 'तिच्यासाठी'च्या रकान्यातल्या सगळ्या वस्तू अशा की त्या वापरून ती त्याला बरी दिसावी. एकट्या बाईला घरात खरोखर काय काय लागतं, हे दुकानात कोणालाच ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

सवडीने नको, लगेच लिही.

तुझी
मुंगी


१२ नोव्हेंबर

मुंगे,

'लगेच लिही' म्हणे. मी काय तुझ्या हाताखाली कामाला आहे? तरी लिहिते, कारण बऱ्याच दिवसांत मला कोणी कामाचं काही विचारलेलं नाही. शेजारीण येते ती फक्त माझ्या गुडघ्यांची चौकशी करते आणि मग स्वतःच्या गुडघ्यांवर घसरते.

नीट ऐक. काचेत बघणारा माणूस फुटपाथवर उभा असतो आणि तो एकाच बाजूने बघतो. त्याला जे दिसत नाही त्यावर जीव पाखडायचा नाही. ओलीच्या डागावर एखादं फुलाफुलांचं कापड घे आणि टाचण्यांनी ताणून बसव, संपला डाग. उजेड कमी आहे ना, मग समोरच्या भिंतीवर सरळ एक पडदा लाव आणि त्याच्या मागे दिवा ठेव. बघणाऱ्याला वाटेल मागे खिडकी आहे आणि बाहेर छान ऊन पडलंय. मी अशा खिडक्या आयुष्यभर केल्या, एकीलाही बाहेर काही नव्हतं. टेबलावरचं कापड खालून टाचण्यांनी पक्कं कर, म्हणजे चुण्या जशा पाडल्यास तशा राहतील. दारापाशी रिकामी खोकी रंगीत कागदात गुंडाळून रचून ठेव, मोठं खाली, छोटं वर. भेटींचा ढीग दिसला की लोकांना घरात माणसं आहेत असं वाटतं. सगळं सामान काचेकडे किंचित तिरकं. मागची बाजू उघडी बोडकी राहिली तरी कोणी येऊन बघत नाही.

आता खुर्चीचं. एक खुर्ची अजिबात चालणार नाही. एक खुर्ची ठेवलीस तर लोक म्हणतील, दुसरी काल विकली गेली. मी इतक्या काचा लावल्या, कुठेही एकटी खुर्ची ठेवली नाही. खुर्च्या दोन, कप दोन, उशा दोन. एका खुर्चीचं हे डोक्यात कोणी घातलं तुझ्या? मॅनेजरने? त्याला म्हणावं, एकटी बाई घर सजवायला दुकानात येत नाही, ती असलेल्यावर भागवते.

भेटींचं म्हणशील तर एकट्या बाईला शाल द्यावी. नाहीतर एक चांगला थर्मास. आणखी काय लागणार आहे तिला?

जावईबापू कसे आहेत? दरवेळी तू 'बरे आहेत' एवढंच लिहितेस. या पत्रात तर तेवढंही नाही. सुट्टीत ताईकडे, तुझ्या आईकडे भेटू तेव्हा त्यांना माझ्याकडून काय आणू ते कळव. आजकालच्या पुरुषांना काय द्यावं तेच समजत नाही.

मावशी


२ डिसेंबर

मावशी,

उत्तराला उशीर झाला. काच लावण्यातच सगळा वेळ गेला. दिवसा दुकान, संध्याकाळी हे.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पडद्यामागचा दिवा लावला आणि मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. खरंच ऊन पडल्यासारखं वाटतं. पण दिवा तापला की कापडाला करपट वास येतो आणि झोपताना मालवला की पुन्हा भिंत ती भिंतच. डागावरचं कापड पहिले काही दिवस झकास दिसलं. मग तेही खालून काळं पडत चाललं आणि त्याला टेकून बसलं की पाठ गार पडते. खोक्यांचा ढीग दार उघडलं की दरवेळी अंगावर येतो. टेबलाच्या कापडाच्या चुण्या मात्र जागच्या हलत नाहीत, फक्त जेवायला बसलं की टाचण्या गुडघ्याला टोचतात.

खुर्चीबद्दल तुझं ऐकलेलं नाही. खुर्ची एकच ठेवली आहे आणि ती तिरकी न ठेवता सरळ ठेवली आहे. एकटीची खोली म्हटल्यावर दुसरी खुर्ची कोणासाठी? तुझ्या काळात चाललं असेल.

एक वेगळंच विचारायचंय. ओले कपडे वाळत घालायला बाल्कनी नसेल तर ते कुठे घालावेत, म्हणजे खोलीही बरी दिसेल आणि कपडेही वाळतील? काहीतरी युक्ती असेलच तुझ्याकडे.

जावईबापूंसाठी काही आणू नकोस.

मुंगी


८ डिसेंबर

मुंगे,

तू मला काय दूधखुळी समजलीस?

काचेत कोण गं जेवायला बसतं? पुतळ्यांना गुडघे टोचत नाहीत. त्यांची पाठ गार पडत नाही आणि त्यांचे कपडे कुठे वाळत घालायचे असा प्रश्न मला उभ्या नोकरीत पडलेला नाही. तुझं पत्र मी चहा पीत वाचायला घेतलं आणि टाचण्यांपाशी आले तेव्हा चहा तसाच राहिला.

मग ताईला फोन लावला. ताई म्हणाली, तू थोडे दिवस दुकानाच्या कामासाठी वेगळी राहते आहेस. तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना तिचा आवाज चढतो, इतका की या वेळी मला फोनवरचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. पुढे तिला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की तू उन्हाळ्यातच घर सोडलंस. उन्हाळ्यात. आणि मी इकडे बसून जावईबापूंना काय आणू विचारते आहे. सगळ्या जगाला माहीत, फक्त म्हातारीला पत्ता नाही. मला राग आलाय हे तुला कळावं म्हणून स्पष्ट लिहिते.

आता माझं ऐकायचं. माणूस मारत नाही. पीत नाही. बाहेर कुठे भानगड नाही. ताई सांगत होती, आवाजसुद्धा चढवत नाही. मग तुला खुपतंय तरी काय? संसारात कोणाला सगळं मनासारखं मिळतं? तुझे काका घोरायचे, तर मी कानात कापूस घालून झोपले आणि आता तो आवाज नाही म्हणून झोप लागत नाही.

एकतीस तारखेला दरवर्षीप्रमाणे सगळे ताईकडे जमणार आहेत. तोही येणार आहे. ताईने ठरवलंय की जेवणं उरकली की तुम्हा दोघांना त्याच्या गाडीत बसवून द्यायचं. कोणी काही विचारणार नाही, कोणी काही बोलणार नाही, उन्हाळ्यापासून काही घडलंच नाही असं सगळे वागतील. यापेक्षा सोपी वाट तुला कोणी काढून देणार नाही. तू फक्त यायचंस, गुमान जेवायचंस आणि निघायचंस. जाताना त्याच्यासाठी एक मफलर घे. करडा घे, करडा कोणालाही चालतो.

ओलसर खोलीत राहून छातीला कफ होईल, तो वेगळाच.

मावशी


१४ डिसेंबर

मावशी,

मफलर घेणार नाही. एकतीस तारखेला आईकडे येणार नाही. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुला फसवलं, ते तुझ्याशी खोलीबद्दल बोलता यावं म्हणून. खरं सांगितलं असतं तर तू मफलरच सुचवला असतास.

काय खुपतंय, असं सगळेच विचारतात. सांगते. त्या घरात मी काहीही कुठेही ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी ते पूर्वीच्या जागी गेलेलं असायचं. दिवा, फुलदाणी, गालिचा, माझा चष्मासुद्धा. तो भांडत नसे, नुसता उचलून परत ठेवत असे. तू विचार कर, दिवसभर दुकानात माझ्या एका शब्दावर चार माणसं सोफे उचलायची आणि घरी मला एक खिळा ठोकायची सोय नव्हती. गेल्या वर्षी तो बाहेरगावी असताना मी रजा घेतली आणि स्वयंपाकघराची एक भिंत पिवळी रंगवली. स्वतः, पायावर पिवळे ठिपके पडेपर्यंत. इतकं बरं वाटलं होतं मला. तो आला, त्याने बघितलं, जेवला. दुसऱ्या दिवशी मी कामावरून येते तर रंगारी हात धूत होता आणि भिंत पुन्हा पूर्वीसारखी होती.

मी विचारलं तर म्हणाला, "घर आहे हे, दुकान नाही."

एवढंच. या वाक्यात शिवी नाही, मार नाही. कोणाला सांगितलं तर हसतील. पण त्या दिवशी मला कळलं की त्या घरात मी गेली अकरा वर्षं पाहुणी होते. त्यानंतरही मी बरेच महिने राहिले, कारण मलाही वाटायचं की एका भिंतीसाठी कोणी निघून जातं का. जातं. मी गेले.

तुझ्याबद्दलही बोलते, राग येऊ देऊ नकोस. शाळेतून येताना मी तुझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. आतल्या दोन खुर्च्या, दोन कप, पडद्यामागचं ऊन. मला त्या काचेत राहायला जायचं होतं, म्हणून पहिलंच बरं स्थळ आलं तसं मी लग्न केलं. त्या खुर्च्यांवर कधी कोणी बसत नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

माझी खोली ओलसर आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. नळ रात्रभर कुरकुरतो. पण मी चष्मा जिथे ठेवते तिथेच तो सकाळी सापडतो, आणि मला सकाळी उठावंसं वाटतं. आईने मला त्या गाडीत बसवलं तर मी पुन्हा निघू शकेन का, मला खरंच सांगता येत नाही. एकदाच कसाबसा जीव गोळा केला होता. म्हणून मी गाडीजवळच येणार नाही.

आता मी काय केलंय ते वाच आणि हवं तर डोक्याला हात लाव. लग्नात आम्हाला इतकी भिंतीवरची घड्याळं मिळाली की खोलीखोलीत लावूनही उरली. मांडलेल्या संसारावर भेटींचा पाऊस पडतो. मी दुसऱ्यांदा घर मांडलं तर कोणी एक चमचा दिला नाही, उलट सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. म्हणून मी एक पत्रक तयार केलंय. दुकानाच्या पत्रकासारखंच, चांगल्या अक्षरात, वर मथळा: 'एकट्या बाईच्या घरासाठी सुट्टीतल्या भेटी'. झाकणाची बादली. धार असलेली सुरी. स्टुलाची शिडी. बल्ब, पिवळ्या उजेडाचे. पायपुसणं. एक मोठं पातेलं, कारण माझ्याकडेही चार माणसं येतील. भिंतीसाठी पिवळा रंग. शाल नको, थर्मास नको, आणि खाली ठळक, घड्याळ नको. एकतीस तारखेला दिवसभर दार उघडं आहे, असं लिहून ते मी आईला, दादा-वहिनीला आणि दुकानातल्या सुताराला दिलंय. तुला सोबत पाठवते आहे.

आईचा फोन आला होता. म्हणाली, अब्रूचे धिंडवडे काढलेस. मी म्हटलं, दुपारी ये, संध्याकाळी उजेड कमी असतो.

मुंगी


२० डिसेंबर

मुंगे,

भेटी अशा मागून घेतात का गं? लाज कशी ती वाटली नाही तुला. पत्रक वाचून मी तासभर एकटीच बडबडत होते. शेजारीण भिंत ठोठावून विचारत होती, कोण आलंय.

माझं मत बदललेलं नाही. भिंतीचा रंग आवडला नाही म्हणून कोणी नवरा सोडत नाही, असंच मला अजूनही वाटतं. तुझ्या जागी मी असते तर पुन्हा पिवळा दिला असता. त्याने पुसला की पुन्हा. बघू कोण आधी थकतं. पण हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की तू अकरा वर्षं तेच केलंस.

माझ्या काचांबद्दल जे लिहिलंस ते मला लागलं. तरी सांगते, माझ्या काचा उत्तम होत्या. त्या विकायला केलेल्या होत्या, राहायला नव्हे. तू नाक लावून उभी राहिलीस याला मी काय करू?

आणि पत्रक करायचं तर धड करावं. गाळणं कुठाय? चहा काय फडक्यातून गाळणार? कात्री नाही, सुई-दोरा नाही, कपडे वाळत घालायची दोरी नाही आणि वर मलाच विचारतेस कुठे वाळत घालू. पलंगाच्या वर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, उंचावर दोरी बांध. उष्ण हवा वरच असते. माणसं आली की दोरी सोडायची. पडद्यामागचा दिवा आजच्या आज काढ, जळून मरशील. टाचण्या सगळ्या काढ आणि कापड लोंबायचं तसं लोंबू दे. डागावरचं फडकं फेकून दे. ती ओल वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपत असणार. घरमालकाकडे जा आणि काम होईस्तोवर त्याच्या दारातून हलू नकोस. भिंत सुकल्याशिवाय रंग लावलास तर पापुद्रे निघतील आणि दोष पिवळ्याला येईल. ही खोली चारी बाजूंनी बघायची आहे, तेव्हा माझं आधीचं सगळं विसर.

मी येऊ शकत नाही. पाय प्लास्टरमध्ये आहे. विचारू नकोस कसा. विचारशीलच, तर स्टुलावर चढून स्वतःच्याच घरात दिव्यांची माळ लावत होते. एकटीसाठी कशाला लावतेस म्हणून शेजारीण हसली होती, त्या रागात चढले. माळ लागली, मग पडले.

ताईला मी कळवलंय की मला गाडी घेऊन न्यायला कोणी येऊ नये, पाय बरा असता तरी यंदा मी तिच्याकडे गेले नसते, तुझ्याकडे आले असते. तिने फोन आपटला. तो आवाजही स्वच्छ ऐकू आला.

माझ्याकडून खुर्ची पाठवते आहे, घडीची. तू यादीत लिहिलेली नाहीस तरी. भिंतीला टेकवून ठेवली तर दिसणारही नाही. कधी उघडायची आणि कोणाला बसवायचं ते तुझं तू बघ. माझी हौस म्हण.

मावशी


२ जानेवारी

मावशी,

पाय उशीवर ठेव आणि वाच. सगळं सांगते.

घरमालकाच्या पायरीवर मी दोन संध्याकाळी जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी वरचा नळ दुरुस्त झाला. डाग अजून आहे, पण आता तो वाढत नाही. डाव्या भिंतीला हात लावलेला नाही. उजवी कोरडी होती, ती पिवळी केली.

एकतीस तारखेला सकाळी सुतार आला, खांद्यावर फळी घेऊन. भेट म्हणून नुसती फळी आणली नव्हती, बसवूनच दिली. त्याला मी कुठे ठोकू ते दाखवलं आणि त्याने तिथेच ठोकली. मग दादा-वहिनी आले. वहिनी पातेलं आणि पायपुसणं घेऊन आली आणि दादाने घड्याळ आणलं. मी पत्रकाकडे बोट दाखवलं तर म्हणाला, त्याने खालपर्यंत वाचलंच नाही. दोघं म्हणत होती, सहज या बाजूला आलो होतो, आता आईकडेच निघालोय. पण वहिनीने पातेल्यात बटाटे उकडायला टाकले आणि दोघंही बसली.

दुपार टळल्यावर आई आली. हातात काही नव्हतं, फक्त तिची पर्स. दारातच उभी राहिली.

"आवर," म्हणाली. "तो तिकडे जेवायचा थांबलाय."

आईच्या तोंडचं 'आवर' ऐकून मी शाळेत असताना उठायचे, तशीच उठले. खरंच उभी राहिले, मावशी. बॅग पलंगाखाली आहे हेही मला आठवलं. मग म्हटलं, मी येणार नाही, तू आत ये. एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे, दादा तर खाली मान घालून पायपुसण्याकडेच बघत होता.

सुताराने तुझी खुर्ची उघडली आणि आई तिच्यावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. आईने आधी छताकडे पाहिलं, मग डागाकडे, मग पिवळ्या भिंतीकडे. मला वाटलं, आता रडते तरी नाहीतर ओरडते तरी.

"हे कपाट इथे कोणी ठेवलं?"

मी म्हटलं, मी.

"सगळा उजेड अडवतंय."

असं म्हणून ती उठली आणि पर्स पलंगावर टाकली. मावशी, त्यानंतर जे काही झालं ते तू बघायला हवं होतंस. दादा आणि सुतार एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने, आणि आई मधे उभी राहून हुकूम सोडते आहे. कपाट दारामागे गेलं. पलंग फिरला. टेबल खिडकीखाली आलं. कपाटाखालची धूळ बघून तिने मला चारचौघांत झापलं आणि केरसुणी मागितली. पिवळा जरा भडकच झालाय, असं म्हणाली, पण भिंत वाळली का हे बोट लावून बघितलं. यादीतले बल्ब कोणीच आणले नाहीत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने दादालाच खाली पिटाळलं.

मधेच तिच्या पर्समधला फोन वाजला. कोणाचा ते सगळ्यांना कळलं. तिने वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. तिसऱ्यांदा तिने हात कोरडे केले आणि उचलला.

"तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली. "मी इथे कामात आहे."

आवाज अजिबात चढलेला नव्हता.

आम्ही बटाटे खाल्ले, मीठ लावून, सगळे एकाच पातेल्यातून, कारण ताटल्या मी यादीत लिहायला विसरले होते. तूही विसरली होतीस. गाडीचा विषय कोणी काढला नाही. अंधार पडायच्या आत आई उठली. दारात तिने मला जवळ बिवळ घेतलं नाही. पडद्यांची मापं काढून ठेव, पुढच्या वेळी शिवून आणते, एवढं म्हणाली आणि जिना उतरायला लागली. जिन्यात दिवसाही अंधार असतो, म्हणून मी वरून दिवा धरून उभी होते. ती खाली पोचेपर्यंत मी रडले नाही, नंतर रडले.

मग डोळे पुसले, दार लावलं आणि कपाट ढकलत ढकलत पुन्हा जिथे होतं तिथे आणून ठेवलं. एकटीने, मधे दोनदा टेकून. फरशीवर चरा पडला आहे. आईचं खरं आहे, ते उजेड अडवतं. पण ते मी तिथे ठेवलेलं आहे.

पडद्यांची मापं पाठवली की आई पुन्हा येईल आणि कपाट बघून पुन्हा हलवेल. हलवू दे. ती गेली की मी परत आणेन. आणि कपाट खरं कुठे शोभेल याबद्दल तुझंही काही मत असणारच. ते मला कळवू नकोस.

तुझी
मुंगी